बक्षीस मिळालेली बाग तोडावी का?

मूळ प्रश्न (वरूड तालुका)
आमच्या संत्र्याला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं, त्याला १६ वर्षं झाली. ढाल अजून ओसरीत आहे. पण आज तीन एकरांत निम्म्या झाडांना डिंक्या आहे. साल फाटते, डिंक गळतो, शेंडे वाळतात. जमीन भारी काळी, पावसाळ्यात पाणी निथरत नाही, मुळं सडतात. दरवर्षी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) लावतो, तरी दरवर्षी झाडं जातातच. सगळी बाग काढून नव्यानं सुरू करावी म्हणतो. बाबांना ते सहन होत नाही. पण खरं सांगतो, त्या ढालीनंच माझं शिकणं थांबवलं. कुणी पाणी काढायला चर खणायला सांगितले की मनात यायचं, बक्षीस कोणाला मिळालं होतं? तुम्हाला काय वाटतं?

मोर्शीहून
घाई नको करू भाऊ. नवीन कलमाचं खरं उत्पन्न हाती यायले पाच-सहा वर्षं लागतात. तोवर घर कायवर चालन? आपल्याकडे विहिरीचं पाणी किती खोल गेलं, तुले माहीत आहे. ज्या बागेनं पोट्टे शिकवले, तिच्यावर कुऱ्हाड घालनं मले पटत नाही. बाबाचं ऐक.

नागभीडहून
आमच्या तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. त्यांचं एचएमटी धान देशभर गेलं. तेवढ्यावर थांबले असते तर कोण बोललं असतं? पण ते पुन्हा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरून लोंब्या निवडत राहिले. जमीन दीड-दोन एकर, तरी पुढे आणखी वाणं काढली. ढाल उतरवा, भाऊ.

मोर्शीहून
दादाजींचं उदाहरण तर माह्याच बाजूचं आहे. एचएमटी निघालं तेच मुळी जुन्या पटेल-३ धानातून, वेगळ्या दिसलेल्या लोंब्या जपून. त्यायनं बांधी पेटवून नाही दिली. जुन्यातलं चांगलं राखा, मंग नवीन करा.

नागभीडहून
रोगट झाड राखून काय निवडणार? डिंक्याची बुरशी मातीतच राहते. झाड मरून नांगे (रिकाम्या जागा) पडले, तिथं नवं कलम लावलं तर तेही जाईल. तुम्ही माया म्हणता, मला ती भीती वाटते. पुन्हा नवशिका व्हायची.

मूळ प्रश्न (वरूड तालुका)
नवशिका व्हायची भीती, हे बरोबर पकडलंत. पण घर कशावर चालेल, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तेही कबूल. काल बाबांसोबत बागेत फिरलो. खालच्या एक एकरात पाणी साचतं, तिथलं एकही झाड धड नाही. तेवढं या उन्हाळ्यात काढतो. नांगरून तापू देतो, चर खणतो, एक-दोन वर्षं दुसरं पीक घेतो, मग उंच वरंब्यावर कलमं. वरच्या दोन एकरांचा आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा) चालू राहील. बाबा हो म्हणाले नाहीत, पण कोणत्या धुऱ्यापासून सुरू करायचं ते त्यांनीच दाखवलं.

मोर्शीहून
माहं मत अजून तेच आहे. पण कलमं घेशील तवा रंगपूर लिंबाच्या खुंटावरची घे, अन् डोळा (खुंटावर संत्र्याचं कलम बांधलेली जागा) जमिनीपासून वीतभर वर भरलेला आहे का पाह्य. पुरताना तो मातीत जाऊ देऊ नको.