विषय: हळीव भिजवायला काय? (शनिवारचा डबा)

मंडळी,
पूर्वाच्या बाळंतपणाच्या डब्यातले हळिवाचे लाडू करायचं काम माझ्याकडे आहे. हळीव आहेत, नारळ नाही. दुबईच्या करामा भागात मिळाले ते सगळे आतून सुके. फ्रोजन खोबरं आणि डब्यातलं शहाळ्याचं पाणी चालेल का? आज रात्रीच भिजत घालायचेत.
मेघना

---
डब्यातलं नको, बहुतेकांत साखर असते. साधं पाणी घे. फ्रोजन खोबऱ्याला स्वतःचंच पाणी सुटतं, म्हणून हळीव जेमतेम बुडतील इतकंच घाल, नाहीतर गुळाबरोबर आटवताना हात मोडेल. आणि रात्रभर कशाला? दोन तासांत फुगतात.
सुषमाताई

---
एक लाडू रोज, बास. १०० ग्रॅम हळिवात १०० मिलिग्रॅम लोह असतं, पूर्वाचं हिमोग्लोबिन बघता बघता वर येईल.
अविनाश

---
अविनाशराव, तो आकडा जुन्या तक्त्यांतला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यात १७च्या आसपास आहे. शिवाय एका लाडवात हळीव चमचाभर, बाकी खोबरं-गूळच. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर लाडवाच्या भरवशावर बंद करू नका. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरी आधी विचारा, हळीव मोहरीच्याच कुळातले, थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतात.
डॉ. नीलिमा

---
१७ तर १७! आमच्या आईने तक्ता बघून लाडू केले नव्हते.
अविनाश

---
डब्यात काय जाणार हे दरवेळी डबा समिती ठरवते. यादीत डिंकाचे लाडू होते. कुणी बदललं?
शरद

---
शरदराव, जूनमध्ये शारजात डिंकाचे लाडू? मी बदललं.
सुषमाताई

---
हळीव तरी कुठे थंड! कमी पडले तर कुठल्याही अरबी मसाल्याच्या दुकानात ‘हब्ब रशाद’ मागा. आमच्या मजल्यावरच्या सौदी आजी सुनेला बाळंतपणात तेच दुधात शिजवून देत होत्या. पण उरलेले लाडू हॉलमध्ये वाटू नका. दोघी-तिघी गर्भार आहेत, त्यांना नकोत.
वैशाली

---
नारळ मिळाला का मेघना? माझ्याकडे दोन आहेत, पाण्याचे. शारजातल्या रोला भागाकडून आज कोण येतंय? आणि लाडू फ्रीजमध्येच ठेवायला सांग, ओलं खोबरं आहे.
सुषमाताई