विटबिअर आणि जर्मन वाइसबिअर एक नव्हेत

बेल्जियन विटबिअर आणि जर्मन वाइसबिअर 'दोन्ही गव्हाच्याच, म्हणजे चव एकच' असं म्हटलं जातं, ते पटत नाही. बव्हेरियन वाइसबिअरमध्ये गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) असतं, मसाला नसतो. केळं-लवंगेचा वास यीस्टमधून येतो. बेल्जियन विटबिअरमध्ये जवळपास निम्मा गहू कच्चा, माल्ट न केलेला. सोबत धणे आणि कुरासाओ संत्र्याची वाळवलेली साल. गढूळपणा येतो तो गव्हातल्या प्रथिनांमुळे, स्टार्चमुळे आणि तरंगत्या यीस्टमुळे.

बेल्जियममधल्या हूगार्डन गावातली विटबिअरची शेवटची ब्रुअरी (बिअरचा कारखाना) 1950च्या दशकात बंद पडली. ही बिअर तिथेच संपली असती. 1960च्या दशकात त्याच गावच्या पिअर सेलिस यांनी ती पुन्हा सुरू केली. त्यांच्या ब्रुअरीला 1985मध्ये लागलेल्या आगीनंतर मोठ्या कंपनीचे पैसे घ्यावे लागले आणि ब्रुअरी हळूहळू त्यांच्या हातून गेली. पुढे त्यांनी टेक्सासमधल्या ऑस्टिनला नवी ब्रुअरी काढली.

घरी 20 लिटर विटबिअरसाठी: पिल्सनर माल्ट (फिकट रंगाचं बार्लीचं माल्ट) सव्वादोन किलो, गव्हाचे फ्लेक्स 2 किलो, ओट्स पाव किलो. गव्हाला टरफल नसल्याने मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं धान्य) चिकट होऊन गाळताना तुंबतो. भाताचं तूस धुऊन मिसळा. धणे 15 ग्रॅम, जाडसर कुटून, उकळीच्या शेवटच्या 5 मिनिटांतच. जास्त उकळले तर सुगंध उडून जातो. आपले लांबट भारतीय धणे इथे उत्तम, वास लिंबासारखा येतो. जुने किंवा हलके धणे सेलरीसारखा वास देतात. संत्र्याची ताजी साल वापरणार असाल तर आतला पांढरा भाग पूर्ण काढा, नाहीतर सालीचा कडवटपणा हॉप्सवर (बिअरला कडवट चव देणारी फुलं) मात करतो.