मदत हवी आहे: ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये दोन वायरींना एकच नंबर कसा पडला?

मंडळी, वसईला एका छोट्या पॅनल वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचं काम करतो. दहा वर्षं साध्या ऑटोकॅडवर गेली. रेघ ओढायची, टेक्स्टने नंबर टाकायचा, प्रिंट वायरमनच्या हातात द्यायची, संपलं. दिवाळीनंतर मालकांनी ऑटोकॅड इलेक्ट्रिकल (वायरींना आपोआप नंबर देणारं ऑटोकॅड) घ्यायला लावलं आणि तिथून माझे वांधे सुरू झाले.

दोन पंपांचं ४१५ व्होल्टचं स्टार-डेल्टा (मोटर आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टामध्ये घेणारं) पॅनल होतं, सोबत छोटा पीएलसी (पॅनल चालवणारा छोटा कंट्रोलर). पंप १ ची शीट झाल्यावर तीच नेहमीच्या कॉपीने उचलून पंप २ साठी टाकली, काही नंबर हाताने बदलले. परवा आमचे वायरमन काका तळहातावर दोन फेरूल (वायरीच्या टोकाला लावायच्या नंबरच्या नळ्या) घेऊन टेबलाशी आले. दोन्हींवर १०५. "साहेब, यातला खरा कुठला?" बघतो तर एक २३० व्होल्टच्या कंट्रोलमध्ये स्टार कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलला जातोय, दुसरा २४ व्होल्ट डीसीवर पीएलसीच्या इनपुटला. अजून सप्लाय दिला नव्हता म्हणून वाचलो. काकांनी न विचारता जोडलं असतं तर इनपुट कार्ड गेलंच होतं.

त्यात भर म्हणजे पंप १ च्या के२ नावाच्या कॉइलखाली पंप २ चे कॉन्टॅक्ट दिसतात. सगळे नंबर पुन्हा टाकायची कमांड दिली तरी १०५ जागचा हलत नाही. चूक माझी की सॉफ्टवेअरची? आणि जुनी शंभरेक ड्रॉइंग्ज यात आणायची असतील तर सगळी नव्याने काढावी लागतील का?

प्रतिसाद १ (तीनफेज)

राग मानू नका, पण चूक तुमचीच. आम्ही सगळ्यांनी एकेकदा केलेली आहे.

साध्या कॉपीने चित्र उचललं की टॅगही (भागाचं नाव, जसं के२) तसाच येतो. सॉफ्टवेअरला दोन के२ कॉइल दिसतात, मग ते बिचारं कॉन्टॅक्ट कुणाच्या पदरात घालणार? आख्खं सर्किट उचलायचं असेल तर 'कॉपी सर्किट' वापरा. ते नवे टॅग देतं. जुन्या वायर नंबरांचं काय करायचं हेही विचारतं, तिथे कोरे सोडा.

१०५ हलत नाही कारण तो तुम्ही हाताने टाकला. हाताने टाकलेला नंबर 'फिक्स्ड' होतो आणि रीटॅग (पुन्हा नंबर टाकायची कमांड) त्याला हात लावत नाही. तेवढे नंबर वायर नंबर डिलीटच्या कमांडने काढा आणि पुन्हा आपोआप पडू द्या.

एक मात्र आधी तपासा: दोन्ही शीट प्रोजेक्टमध्ये आहेत ना? शीट नुसती उघडून काम केलं आणि ती प्रोजेक्टच्या यादीत नसेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ती शीट नाहीच. मी तर नंबरात शीट नंबरच घालतो. ड्रॉइंग प्रॉपर्टीजमध्ये वायर नंबरच्या फॉरमॅटला टक्के-एस टक्के-एन (%S%N) द्या, म्हणजे शीट ७ वरचे नंबर ७ ने सुरू होतील. प्रत्येक शीटला शीट नंबर भरायला मात्र विसरू नका. फॉल्ट शोधताना वायरमनला फेरूल बघूनच कुठलं पान उघडायचं ते कळतं.

प्रतिसाद २ (डीबी_बॉक्स)

जुन्या ड्रॉइंगबद्दल सांगतो. रेघा नव्याने ओढायची गरज नाही. 'चेंज/कन्व्हर्ट वायर टाइप'मध्ये रेघा निवडून वायरच्या लेयरवर टाकता येतात. रेघ वायरच्या लेयरवर नसेल तर तिला नंबर पडत नाही, हे डोक्यात ठेवा. सिम्बॉलसाठी कन्व्हर्जन टूल्सचा वेगळा टॅब आहे, पण तो एकेक करत बसायचा प्रकार आहे. शंभरच्या शंभर कशाला? पुन्हा ऑर्डर येईल तसं एकेक बदला.

आणि एक्स्प्लोड विसरा. ब्लॉक (म्हणजे सिम्बॉल) फोडला की टॅग, पार्ट नंबर सगळं गेलं. उरतं नुसतं चित्र.

कॉन्टॅक्टरला कॅटलॉगमधून पार्ट नंबर द्यायचा आळस करू नका. त्याची पिन लिस्ट भरलेली असेल तर १३-१४, २१-२२ असे पिन नंबर आपोआप पडतात, एकच एनसी (एरवी बंद असणारा कॉन्टॅक्ट) दोन ठिकाणी वापरला जात नाही.

प्रिंट देण्याआधी इलेक्ट्रिकल ऑडिट चालवा. कॉइल नसलेला कॉन्टॅक्ट, डुप्लिकेट टॅग, अधांतरी वायर, सगळं यादीत येतं आणि तिथूनच त्या जागी उडी मारता येते. आमच्याकडे ऑडिट न केलेली प्रिंट वायरमन घेतच नाहीत.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. शीट ४ खरंच प्रोजेक्टच्या यादीत नव्हती! ती घेतली, पंप २ चं सर्किट पुसून कॉपी सर्किटने टाकलं. पहिल्या ऑडिटला तीन पानांची यादी आली, बघून घाम फुटला. दुपारपर्यंत चार ओळींवर आणली. त्या चार म्हणजे मुद्दाम मोकळे ठेवलेले स्पेअर.

वायर फ्रॉम-टूचा (कुठली वायर कुठून कुठे जाते त्याचा) रिपोर्ट एक्सेलमध्ये काढून तोच फेरूलच्या मशीनला दिला. आधी मी दोनशे नंबर हाताने टाइप करायचो. काका खूश. फक्त विचारत होते, रिपोर्टमध्ये वायरीच्या साइजच्या जागी १४ काय लिहिलंय?

प्रतिसाद ३ (तीनफेज)

टेम्प्लेटमधला अमेरिकन गेज आहे तो. १४ गेज म्हणजे साधारण २.०८ स्क्वेअर एमएम. लोहार चाळीत (मुंबईच्या इलेक्ट्रिकल बाजारात) जाऊन मागून बघा, दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल आणि मग दीड नाहीतर अडीच काउंटरवर ठेवेल. वायर टाइपच्या यादीत आपले साइज आणि रंग भरून घ्या, आणि तीच फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा.