मानेतली गाठ, रिपोर्टात ‘कॅसलमन’ आलंय. बेळगाव भागात पुढचं कुठं करायचं?

मलप्रभाकाठ (खानापूर)
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ, वय २७, उद्यमबागला फौंड्रीत कामाला. मानेत डाव्या बाजूला गाठ आहे. दुखत नाही, ताप नाही, वजनही उतरलेलं नाही. सुईच्या तपासणीत ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ (म्हणजे गाठ कशानं तरी सुजलीय) एवढंच आलं. एका डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या चालू करूया म्हटलं, आम्ही थांबलो. दुसऱ्या सर्जननी गाठीचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवला, तर ‘कॅसलमन डिसीज, हायलाइन व्हॅस्क्युलर’ असा रिपोर्ट आला. म्हणे लसिका गाठी वाढायचा हा दुर्मीळ आजार, आणि ‘हायलाइन व्हॅस्क्युलर’ हा त्याचा एक प्रकार. एचआयव्ही निगेटिव्ह. गाठ अजून आतच आहे, सोनोग्राफीत ४ सेंटिमीटर.

दोनच गोष्टी विचारायच्यात. स्लाइड दुसऱ्या कुणाला दाखवायच्या तर कुठं? आणि ऑपरेशन इथंच करावं का? हाताशी ८० हजार आहेत, त्याच्या वर गेलं तर कर्ज काढावं लागेल. बीपीएल कार्ड आहे. आईनं धसका घेतलाय, जेवत नाही. जरा लवकर सांगा.

निपाणीकर_पाटील
सरळ मुंबई गाठा. परळला टाटा. आमच्या मेव्हण्याचा लिम्फोमा (लसिका गाठींचा कॅन्सर) तिथंच बरा झाला, आज उसाच्या फडात दिवसभर उभा असतो. पैशाचं मागनं बघता येतं. बेळगावात वेळ घालवू नका.

शहापूर_वहिनी
टीबीच असणार हो. आमच्या नणंदेला अश्शीच गाठ होती. सहा महिने गोळ्या घेतल्या, विरघळून गेली. आपल्याकडं मानेत गाठ म्हटलं की आधी टीबीच बघतात.

चिक्कोडी_रोड
वहिनी, त्यांचा बायोप्सीचा रिपोर्ट आलाय की. आमच्या वडिलांना काही पुरावा नसताना टीबीच्या गोळ्या चालू केल्या होत्या. कावीळ झाली आणि गाठ होती तिथंच. अजून आठवलं की डोकं तापतं. गोळ्या द्यायच्याच असतील तर आधी गाठीच्या तुकड्याची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधायची तपासणी) करा म्हणावं. सरकारी दवाखान्यात फुकट होते.

शहापूर_वहिनी
मी आमचा अनुभव सांगितला. नणंद आज ठणठणीत आहे.

लॅबमध्ये_रोज
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण अशा गाठी रोज हाताखालून जातात म्हणून लिहितो.

सुईनं कॅसलमन ठरत नाही. सुईत सुट्ट्या पेशी येतात, गाठीची रचना दिसत नाही, आणि या आजारात सगळं रचनेवरच असतं. शक्यतो अख्खी गाठ काढून बघतात. तुमचा तुकडाच गेलाय, म्हणून स्लाइड दुसऱ्यांदा बघून घ्यायलाच हव्यात. लिम्फोमा आणि आयजीजी-४ चा आजारसुद्धा (प्रतिकारशक्ती बिघडून गाठी येतात तो) सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी असाच दिसतो. लॅबमध्ये अर्ज करून स्लाइडबरोबर मेणाचा ब्लॉकही (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. पुढचे मार्कर (पेशी ओळखायच्या खास तपासण्या) ब्लॉकवरच होतात, त्यात एचएचव्ही-८ या विषाणूची विचारा. ब्लॉक प्लास्टिकच्या डबीत, सावलीत न्या. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर मेण पाघळतं.

ऑपरेशनला सीबीनॅट करायची असेल तर सर्जनना आधीच सांगा. गाठीचा एक भाग सलाइनच्या बाटलीत, बाकीचा फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायचं रसायन). सगळं फॉर्मेलिनमध्ये टाकलं की टीबीची कल्चर होत नाही. हे थिएटरमध्ये ऐनवेळी कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि कापायच्या आधी गाठ एकाच ठिकाणी आहे का ते बघा. एकाच जागी असेल तर ती पूर्ण काढणं हाच उपाय, बहुतेकांना पुढं औषध लागत नाही. अनेक ठिकाणी असेल तर तो वेगळाच आजार समजा: ताप, रात्री घाम, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) उतरणं, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) चढणं. तिथं नुसती गाठ काढून भागत नाही. गाठी कुठं कुठं आहेत ते बघायला पेट-सीटी (सगळ्या अंगाचा स्कॅन) करून घ्या.

येळ्ळूर_अण्णा
महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केलीय. कागद घेऊन कोल्हापूरला जावा. आपल्या हक्काचं आहे ते.

चिक्कोडी_रोड
अण्णा, पेशंटला कागद गोळा करत फिरवणार काय? बीपीएलला आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. फक्त आधी सरकारी दवाखान्यात दाखवून रेफरल घ्यावा लागतो. थेट खाजगीत ॲडमिट झालात की बिल खिशातनं.

येळ्ळूर_अण्णा
म्हणजे आम्ही एवढी वर्षं भांडलो ते कशाला? योजना कुणी वापरलीच नाही तर उद्या बंद करतील.

निपाणीकर_पाटील
अण्णांचं बरोबर आहे. तरी मुंबईच.

तिलारी_घाट
अमेरिकेत डेव्हिड फॅगनबॉम म्हणून डॉक्टर आहेत, त्यांना स्वतःलाच कॅसलमन झाला होता. मरता मरता वाचले आणि सिरोलिमस हे आधीपासूनचंच औषध त्यांनी स्वतःवर वापरून बघितलं. भावाला तेच चालू करा.

लॅबमध्ये_रोज
दादा, त्यांचा अनेक ठिकाणचा प्रकार होता, आणि आधीची औषधं चालेना झाल्यावर ते सिरोलिमसकडं वळले. त्या प्रकारात एचएचव्ही-८ नसेल तर पहिलं औषध सिल्टुक्सिमॅब, ते मिळेना तर टोसिलिझुमॅब. एका गाठीला यातलं काही लागत नाही.

एक राहिलं. भावाच्या तोंडात न भरणारी फोडं आहेत का, अंगावर फोड येतात का, धाप लागते का, ते विचारा. एकाच गाठीच्या प्रकारात क्वचित पेम्फिगस (तोंडात आणि कातडीवर फोड येण्याचा आजार) होतो आणि पुढं फुप्फुसावर जातो. असलं काही असेल तर भूल द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. या गाठीला रक्तपुरवठाही फार असतो, रक्ताची सोय करून ठेवायला लावा.

शहापूर_वहिनी
कांचनार गुग्गुळानं पण गाठी बसतात. सोबत घेतलं तर काय बिघडतं?

चिक्कोडी_रोड
ऑपरेशनच्या तोंडावर नको वहिनी. घ्यायचंच तर सर्जनना विचारून.

मलप्रभाकाठ (खानापूर)
सगळ्यांचं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. तोंडात फोडं नाहीत, विचारलं.

भावाला मुंबईला नेत नाही, कोल्हापूरलाही नाही. ब्लॉक आणि स्लाइड मामेभावाच्या हाती टाटाला पाठवतोय, पेशंट इथंच राहील. पेट-सीटी सध्या करत नाही. सर्जन म्हणाले मान, छाती, पोट, ओटीपोट यांचा सीटी चालेल, त्याबरोबर सीआरपी आणि अल्ब्युमिन. मुंबईचा रिपोर्ट जुळला आणि दुसरीकडं गाठ नसली तर याच सर्जनकडं पूर्ण गाठ काढायची. त्यांनी गोळ्यांची घाई केली नाही, फोन केला की उचलतात. मला तेवढं पुरे. रेफरलसाठी सोमवारी जिल्हा रुग्णालयात जातोय.

निपाणीकर_पाटील
मर्जी तुमची. मी असतो तर त्याच रात्रीच्या गाडीला बसलो असतो.

लॅबमध्ये_रोज
ब्लॉकची पोच लेखी घ्या, त्यावर बायोप्सी नंबर घालायला लावा. आणि मामेभावाला सांगा, डबी हातातल्या पिशवीत ठेव, डिकीत नको.