ऑनलाइन तासाला शिक्षकाचे नेमके काम कोणते?

प्रश्न : सहायक प्राध्यापक (सांख्यिकी), सोलापूर

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि मी घरातूनच तास घेऊ लागलो. पडद्यावर साठ नावे दिसत. चेहरा एकही नाही. वर्गात प्रमाण विचलन शिकवताना विद्यार्थ्यांच्या कपाळावरील आठ्या पाहून मी थांबत असे, तेच सूत्र पुन्हा मांडत असे; इथे तो आधारच नव्हता. एकदा एका मुलाला उत्तर विचारले, तर त्याने माइक सुरू करताच यंत्रमागाचा खडखडाट कानी आला, कारण तो वडिलांच्या जागी कारखान्यात उभा होता. त्याने उत्तर टंकून पाठवले आणि ते अचूक होते. वर्गात वर्षभर गप्प बसणारा हा मुलगा त्यानंतर दररोज लेखी शंका विचारू लागला.

वर्ग पुन्हा भरू लागल्यावरही काही तास ऑनलाइनच आहेत. समजावून सांगणे हेच आपले काम, असे मी आजवर मानत आलो. पण उत्तम समजावणाऱ्या चित्रफिती तर विद्यार्थ्यांच्या हातातच आहेत. मग अशा तासाला आपण स्वतःकडे कोणत्या भूमिकेतून पाहता?

उत्तर : शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापिका, बार्शी

सर, आपण वर्णन केलेली अस्वस्थता नवी नाही. ऑनलाइन शिक्षणाचे अभ्यासक झेन बर्ज यांनी १९९५ मध्येच ऑनलाइन शिक्षकाच्या चार भूमिका सांगितल्या होत्या : अध्यापनाची, सामाजिक, व्यवस्थापनाची आणि तांत्रिक. आपल्याकडे दुवा पाठवणे आणि हजेरी नोंदवणे यांतच बहुतेकांची शक्ती संपली, म्हणजे शेवटच्या दोन भूमिकांनी पहिल्या दोन गिळून टाकल्या. पुढे २००० मध्ये गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या संशोधकांनी शिक्षकाच्या 'अध्यापकीय उपस्थिती'ची कल्पना मांडली. तिच्यात अभ्यासक्रमाची आखणी आणि थेट शिकवणे आहेच, पण संवाद चालू ठेवणे व त्याला दिशा देणे यालाही तितकेच स्थान आहे. त्या मुलाच्या लेखी शंकेला आपण उत्तर दिले, तेव्हा आपण त्याच्यापुरते पूर्णपणे उपस्थित होता. ते काम कोणत्याही चित्रफितीला जमणारे नाही.

उत्तर : तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, सांगोला

मॅडमचे म्हणणे मला मनापासून पटते, परंतु त्याची एक बाजू बोलल्याशिवाय राहवत नाही. आम्हा सीएचबीवाल्यांना, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना, मानधन घेतलेल्या तासिकांचे मिळते. रात्री दहा वाजता व्हॉट्सअॅपवर आलेल्या वहीच्या छायाचित्रातील चूक लाल रंगाने दाखवून ते परत पाठवायला पंचवीस मिनिटे लागतात. ती कोणत्याही कार्यभारात धरली जात नाहीत. जे मोजले जाते तेच आपले काम, असे माणूस हळूहळू मानू लागतो, आणि म्हणूनच अनेक सहकारी स्वतःला केवळ व्याख्याते समजतात. त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांतून घेता येतात; तेव्हा चर्चेला आणि अभिप्रायाला दिलेला वेळ कार्यभारात धरण्याची मागणी आपण आताच केली पाहिजे.

उत्तर : मुक्त विद्यापीठाचे माजी समंत्रक, पंढरपूर

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, आणि अभ्यासकेंद्रावर शिकवणाऱ्याला तिथे 'समंत्रक' म्हणतात. हा शब्द मला फार नेमका वाटतो. पाठ्यपुस्तकच स्वयंअध्ययनासाठी लिहिलेले असल्याने धडा पुन्हा वाचून दाखवण्यात अर्थ नसे. नोकरी सांभाळून, एसटीने संपर्कसत्राला आलेला विद्यार्थी कुठे अडला आहे ते शोधणे, हेच आमचे काम. माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : "कोणत्या पानावर थांबलात?" आपल्या ऑनलाइन तासाचा आरंभ याच प्रश्नाने करून पाहावा, असे मी सुचवेन.

प्रश्नकर्ता :

आपणा सर्वांचे आभार. पुढील आठवड्यापासून चित्रफीत आदल्या दिवशी पाठवून तासाची पहिली वीस मिनिटे लेखी शंकांसाठीच राखणार आहे. सांगोल्याच्या सरांची मागणी आमच्या विभागाच्या बैठकीत लेखी मांडतो; तिचा मसुदा कृपया त्यांनी इथेच द्यावा.