तंतू तुटतो, मोडतो की फुटतो?

अर्धविराम: सिरॅमिक तंतूंच्या चाचणीची पुस्तिका मराठीत करायची आहे. 'हे तंतू मजबूत पण ठिसूळ असतात' यावर तपासनिसांची लाल रेघ: ठिसूळ म्हणजे कमकुवत, मग मजबूत कसे? हाडं ठिसूळ होतात तेव्हा दुबळीच झालेली असतात, हेही खरं. पर्याय सुचवा.

खडीसाखर: 'भंगुर'. भञ्ज् धातू, 'भंग'ही त्यातलाच. शिवाय 'मजबूत' फारसी, 'सामर्थ्यवान' लिहा.

चिमटा: भंगुर म्हटलं की मागे 'क्षण' आपोआप लागतो आणि वाचक वैराग्याला लागतो. ठिसूळच ठेवा. १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) जाडीचा अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) तंतू सुमारे ३ गिगापास्कल ताण सोसतो, म्हणजे एकट्या तंतूला ३५ ग्रॅम वजन टांगल्यासारखं. तोवर लांबतो जेमतेम ०.८ टक्का, तोही पूर्ण लवचीक, म्हणजे सोडला तर मूळ लांबीवर परत, आणि मग काडकन. मजबुती म्हणजे किती सोसलं. ठिसूळपणा म्हणजे कसा गेला. यात विरोध कुठे आला?

रफार: 'मजबूत' मुळात अरबी, फारसीमार्गे आलेला. असो.

अर्धविराम: 'गेला' म्हणजे नेमकं काय? दोरा तुटतो, काडी मोडते, काच फुटते. हा?

रफार: तंतू आहे, तुटतोच.

चिमटा: नावाने तुटतो, सूक्ष्मदर्शकाखाली फुटतो. टोकावर दोषाभोवती गुळगुळीत 'आरसा', त्यापलीकडे खरबरीत रेघा. दोष म्हणजे पोकळी, वाढलेला स्फटिककण किंवा हाताळताना पडलेला चरा. मायक्रॉनच्या काही दशांशांचाही पुरतो. आरशाची त्रिज्या चौपट, तर तुटतानाचा ताण निम्मा. ताण फारच कमी असला तर आख्खा छेदच आरसा. मात्र साठलेली ऊर्जा सुटली की तंतूचा भुगा होतो आणि मूळ टोक हरवतं, म्हणून आधी ग्लिसरीन लावून ठेवतात.

खडीसाखर: मग 'सामर्थ्य' तरी घ्याल की नाही?

चिमटा: घ्या, पण लांबी सांगितल्याशिवाय तो आकडा पोकळ. लांब तंतूत मोठा दोष सापडण्याची शक्यता जास्त. वायबुल घातांक (तंतूंच्या ताकदीत किती फरक पडतो ते सांगणारा आकडा) ५ असेल, तर २५ मिलिमीटरवरचे ३ गिगापास्कल २५० मिलिमीटरवर १.९ उरतात. सरासरी तीसेक तंतूंची तरी हवी. तंतू कागदी चौकटीवर चिकटवायचा, यंत्रात धरल्यावर चौकटीच्या बाजू कापायच्या. पकडीपाशी तुटलेले नमुने बाद. पुस्तिकेत 'मोजलांबी', म्हणजे चाचणीत ताणलेल्या तंतूची लांबी, ठळक छापा.

रफार: 'मोजलांबी'? मराठी 'मोज' आणि अरबी 'मौज' यांची गल्लत होईल. 'मापनलांबी' बरं.

खडीसाखर: संस्कृत आणि मराठीची मोळी बांधलीत! 'मापनदैर्घ्य' म्हणा.

अर्धविराम: ठिसूळचं काय ठरलं?