सल्ला हवा: तरुण जपानी कलाकारांचं समूह प्रदर्शन, आईला न्यावं का? (न्यूयॉर्क)

रेघोटी
नमस्कार मंडळी. आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्सी सिटीला आली आहे. साताऱ्याजवळच्या एका शाळेत तिने ३१ वर्षं चित्रकला शिकवली, दरवर्षी मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवली. सध्या न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातल्या एका गॅलरीत नऊ तरुण जपानी कलाकारांचं प्रदर्शन लागलंय, तिथे तिला येत्या शनिवारी न्यावं असं मनात आहे. पण मागच्या खेपेला एका मोठ्या संग्रहालयात आधुनिक कलेच्या दालनांतून तिला फिरवलं, तर दोन तास ती नुसती माझ्यामागे चालत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "मला कुणी आत घेतलंच नाही गं." ते अजून सलतंय. जपान म्हटलं की तिला होकुसाई या जुन्या जपानी चित्रकाराची प्रसिद्ध लाट तेवढी माहीत आहे. आधी काय दाखवू? शिवाय तिचे गुडघे दुखतात, तेही बघायला हवं.

कुंचला
जरूर न्या. मी २०११ साली न्यूयॉर्कच्या जपान सोसायटीत 'बाय बाय किटी' हे प्रदर्शन पाहिलं होतं. डेव्हिड इलियट यांनी १६ कलाकार निवडले होते. जपानी कला म्हणजे 'हॅलो किटी' या मांजरीसारख्या गोड गोड बाहुल्या आणि कार्टून, हा समज पुसायचा हेतू नावातच होता. ते उघडलं १८ मार्चला, म्हणजे जपानमधल्या तोहोकूच्या भूकंपाला जेमतेम आठवडा झाला होता. टीव्हीवर दिवसभर त्सुनामी पाहून लोक आत येत होते, आणि दालनात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

त्यात चिहारू शिओताची एक मांडणी होती: भिंतीवर उंच टांगलेला पांढरा वेश, त्याला जोडलेल्या बारीक नळ्या, आणि पंपाने त्यांतून फिरणारं लाल पाणी. पंपाची घरघर ऐकू यायची. शेजारी काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही, गरज पडली नाही.

काकूंना होकुसाई माहीत आहे ना? मग मनाबू इकेदा या जपानी चित्रकाराचं २००८ सालचं 'फोरटोकन' हे चित्र आधी दाखवा. लांबून तीच लाट, जवळ गेलं की त्या लाटेत मोडकं शहर. तिथून पुढे त्या स्वतःच चालू लागतील.

उंबरठा
मी जरा वेगळं सांगतो. 'जपानी' या पाटीवर फार जाऊ नका. परदेशातल्या अशा प्रदर्शनांत नऊ जणांचे नऊ रस्ते असतात आणि बघणारा मात्र प्रत्येकात झेन ध्यान नाहीतर मांगा कॉमिक शोधत बसतो. शिओता ओसाकाच्या, पण कित्येक वर्षं बर्लिनला राहतात. आपल्याकडच्या चित्रकाराच्या कामात प्रत्येक वेळी वारली शोधलेली आपल्याला चालेल का? मला तरी फार लागतं ते. काकूंना एवढंच सांगा की नवातलं एकच काम निवडायचं आणि त्याच्यापाशी थांबायचं. बाकीची राहिली तर राहू द्या.

कैरीपन्हं
व्यवहाराचं मी सांगते. चेल्सीतल्या गॅलऱ्यांना तिकीट नसतं. बहुतेक रविवार-सोमवार बंद असतात, त्यामुळे तुमचा शनिवार बरोबर आहे. पाथ ट्रेनने २३व्या रस्त्याला उतरा आणि तिथून एम-२३ बस घ्या. स्टेशनपासून चालत नेऊ नका, गुडघ्यांना ते अंतर जास्त होईल. छोट्या गॅलरीत बसायला बहुधा काही नसतं. घडीचं स्टूल सोबत घ्या आणि आत शिरल्यावर आधी विचारून घ्या. टेबलावर कामांची यादी असते, त्यात प्रत्येक काम कशाचं केलंय ते लिहिलेलं असतं. ती मागून घ्या आणि आईंना मराठीत वाचून दाखवा. चित्रकलेच्या बाईंना 'अर्थ काय' याच्याआधी 'कशाने केलंय' हे हवं असतं. माझ्या आत्याही चित्रकलेच्या शिक्षिका होत्या, म्हणून खात्रीने सांगते.

मॅडिसनकर
कुंचला यांनी इकेदाचं नाव काढलं म्हणून लिहितोय. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावच्या चेझन म्युझियममध्ये काढलेलं त्याचं 'रीबर्थ' फोटोत तरी मुद्दाम बघा; मूळ चित्र आता जपानमधल्या सागा इथल्या कला संग्रहालयाकडे आहे. १३ फूट बाय १० फूट, पेन आणि शाईने काढलेलं. २०१३ ते २०१६ या काळात त्याने ते म्युझियमच्याच तळघरात बसून केलं. दिवसभर काम करून तळहाताएवढा भाग पुरा व्हायचा. मध्येच स्कीइंग करताना उजव्या खांद्याला इजा झाली, तर त्याने डाव्या हाताने रेघा ओढायला सुरुवात केली. त्सुनामीच्या ढिगाऱ्यातून उभं राहिलेलं एक झाड आहे ते. ते काढणं चालू असताना मी दर हिवाळ्यात एकदा तरी जाऊन यायचो. तरी पूर्ण बघून झालं नाही.

रेघोटी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो.

आदल्या रात्री फोनवर 'फोरटोकन' दाखवलं. आईने चष्मा वर केला, फोन नाकाशी धरला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "याने आधी मोठा आकार धरलाय, मग बारीक काम. मी मुलांना हेच ओरडून सांगायचे."

गॅलरीत आठ कामांवरून ती भराभर पुढे गेली, मी अडवलं नाही. नववं काम होतं छतापासून जमिनीपर्यंत सोडलेला एक कोरलेला कागद, मागे दिवा, भिंतीवर सावली. तिथे स्टूल मांडून ती बसली. यादीत 'कागद, कटर' एवढंच होतं. चाळीस मिनिटं झाली. मग उठून तिने मला एक कोपरा दाखवला: तिथे कागद फाटला होता आणि त्या फाटीलाच नवी वेल फुटल्यासारखं पुढे कापत नेलं होतं. सावलीत ती चूक कुठेच दिसत नव्हती.

आता ती विचारते आहे की एवढ्या मोठ्या कागदाला लोंबताना पीळ पडू नये म्हणून काय करतात, आणि इथे जाड हातकागद कुठे मिळेल. कुणाला माहीत असेल तर सांगा, ती परत जायला अजून सहा आठवडे आहेत.

कैरीपन्हं
खालच्या कडेला आतून बारीक पट्टी चिकटवतात, वजनाने कागद सरळ राहतो. हातकागद बघून घेते आणि उद्या इथेच लिहिते.